आईचं भरलेलं घर: तिचा मान राखून, बोभाटा न होता आवरायला मदत हवी आहे

पाऊलवाट (धागाकर्ती)

विषय नाजूक आहे, म्हणून वेगळ्या आयडीने लिहिते आहे. आई पंच्याहत्तरीची, निवृत्त शिक्षिका, एकटी राहते. घरात वर्तमानपत्रांचे गठ्ठे, रिकामे खोके, कपडे, बंद पडलेली उपकरणं, पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या. बाबा गेल्यावर हे फार वाढलं, पण सुरुवात त्याच्या खूप आधीची. दारापासून आतल्या खोलीपर्यंत एकच वाट उरली आहे. तिथून जाताना ती अंग चोरून, एका हाताने गठ्ठ्यांचा आधार घेत जाते. पलंग वस्तूंनी भरलेला, त्यामुळे झोप खुर्चीत. दार वीतभरच उघडतं. मी गेले की तीच खाली येऊन भेटते.

आता न्हाणीघरातून खालच्या मजल्यावर गळती सुरू झाली आहे. नळदुरुस्तीवाला आत जायलाच हवा आणि आई कोणालाही आत घेत नाही. नातेवाईक म्हणतात, तिला आठवडाभर तुझ्याकडे ने, आम्ही मागे घर रिकामं करून टाकतो. मला ते पटत नाही. पण मला एकटीला झेपणारंही नाही, बाहेरची माणसं लागणारच. शेजारीपाजारी चर्चा झाली तर आई माझ्याशीही बोलणं टाकेल. हे गुपचूप आणि तिला न दुखावता कसं करायचं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

सडेतोड

नातेवाईक बरोबर सांगत आहेत असं मला वाटतं. वय बघा, खुर्चीत झोपणं बघा. विचारत बसलात तर ती 'हो' कधीच म्हणणार नाही. एकदा त्रास होईल, रडारड होईल, पण त्यानंतर ती स्वच्छ घरात राहील.

अबोली_२

सडेतोड, आमच्या घरात नेमकं हेच झालं. काका रुग्णालयात असताना चुलतभावाने माणसं लावून दोन खोल्या रिकाम्या केल्या. त्याचा हेतू चांगलाच होता, काकांनी पडू नये एवढंच त्याला हवं होतं. काका घरी आले, कपाट उघडून नुसते उभे राहिले. काकूंची पत्रं एका जुन्या चपलांच्या खोक्यात होती, तो खोका गेला होता. त्यांनी कुलूप बदललं. घर पुन्हा भरलं, पहिल्यापेक्षा जास्त, आणि या वेळी आत काय चाललंय ते कळायला कोणालाही वाट उरली नाही. चुलतभावाचं नाव त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही.

त्यामुळे पाऊलवाट, मागे घर रिकामं करू देऊ नका. कितीही आग्रह झाला तरी.

सडेतोड

वाचून वाईट वाटलं. मग मार्ग काय, हे मलाही समजून घ्यायचं आहे.

तिसरी_खोली

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे. इथे निदान करता येत नाही, पण पार्श्वभूमी सांगते, कारण नातेवाइकांशी बोलताना ती उपयोगी पडेल.

हा आळस नाही आणि हट्टही नाही. असं साठवत राहणं हा 'होर्डिंग डिसऑर्डर' नावाचा विकार असू शकतो. १९९६ साली रँडी फ्रॉस्ट आणि तमारा हार्टल यांनी या विकाराची व्याख्या मांडली. तिचे तीन भाग होते: इतरांना बिनकामाच्या वाटणाऱ्या वस्तू जमा होत राहणं आणि टाकता न येणं, राहत्या जागेचा मूळ वापरच बंद पडणं, आणि त्यातून होणारा त्रास किंवा अडचण. तुमच्या आईचा पलंग हे दुसऱ्या भागाचं उदाहरण. पूर्वी हे ओसीडीचंच, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचं, लक्षण धरत. २०१३ मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेने याला स्वतंत्र निदान म्हणून जागा दिली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्येही ते वेगळं आहे, आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

लक्षणं बहुतेकदा ११ ते १५ व्या वर्षांच्या आसपास दिसू लागतात. पुढे दशकानुदशकं हळूहळू वाढतात. म्हणून 'सुरुवात बाबांच्या आधीची' हे तुमचं निरीक्षण अगदी जुळतं. जोडीदार असतो तोवर तो निमूटपणे थोडंथोडं बाहेर काढत असतो. तो गेला की तो बांधही जातो. ज्यांना हा विकार असतो त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांना नैराश्य किंवा चिंतेचा त्रासही असतो, आणि तो उपचाराने कमी होऊ शकतो. नुसतं घर आवरून तो जात नाही.

आता 'साधं एक वर्तमानपत्र टाकायला इतका वेळ का' याबद्दल. २०१२ मध्ये डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं स्कॅनिंग करत असतानाच लोकांना काही कागद ठेवायचे की फाडायचे हे ठरवायला लावलं. काही कागद त्यांचे स्वतःचे, काही दुसऱ्यांचे. या विकाराच्या लोकांमध्ये दुसऱ्याच्या कागदांबाबत मेंदूचे दोन ठरावीक भाग इतरांपेक्षा कमी काम करत होते आणि स्वतःच्या कागदांबाबत खूप जास्त. हे भाग कोणती गोष्ट किती महत्त्वाची ते जोखण्याशी आणि चूक होण्याच्या भीतीशी संबंधित आहेत. म्हणजे आपल्याला जे दोन सेकंदांत ठरतं, ते तिला मोठ्या जोखमीचं वाटतं. तासाभराने ती थकून जाईल, तेव्हा 'नाटक करते' असं कोणाला म्हणू देऊ नका.

एक महत्त्वाचं: हे सगळं जर उतारवयात अचानक, काही महिन्यांत सुरू झालं असेल, स्वभावही बदलला असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियासारख्या, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा ऱ्हास होणाऱ्या आजारातही असं साठवणं दिसतं. तुमच्या वर्णनात ते वाटत नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला लागू पडेल.

केव्हातरी

आमच्याकडे बाबांचा जुन्या रेडिओंचा संग्रह आहे, खोलीभर. तोही असाच विकार समजायचा का?

तिसरी_खोली

ते रेडिओ कुठे आहेत हे त्यांना माहीत असतं का, ते लोकांना दाखवतात का, आणि खोलीत बसता येतं का? तिन्हींना हो असेल तर तो छंद. खोली वापरता येत असेपर्यंत काळजी नको.

रफूगार

अशा घरांत आवरायला मदत करणं हे माझं काम आहे. सविस्तर लिहिते, कारण पाऊलवाट यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टी, मान आणि गुप्तता, प्रत्यक्षात एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

पहिलं म्हणजे, 'घर आवरायचं आहे' असं आईला म्हणू नका. हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलेलं आहे. तुमच्याकडे एक खरं, छोटं, तिलाही टोचणारं कारण आहे: गळती. 'न्हाणीघरापर्यंत माणूस जायला हवा, त्यासाठी काय करूया?' इथून सुरुवात करा. ध्येय तेवढंच ठेवा. वाट झाली, नळ दुरुस्त झाला, की त्या दिवशी थांबा. 'आता हात लागलाच आहे तर स्वयंपाकघरही' असं म्हणालात की दार पुन्हा वीतभर होईल.

दुसरं, तिच्या परवानगीशिवाय कशालाही हात लावायचा नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या माणसाला हे शिकवायलाच सर्वात वेळ लागतो. हात आपोआप पुढे जातात. आम्ही वस्तू तिच्यासमोर धरतो, ती सांगते, आम्ही ठेवतो. ढीग तीनच: राहणार, जाणार, अजून ठरलं नाही. तिसऱ्या ढिगाला वेळ द्या, तो सुरुवातीला सर्वात मोठा होतो. जाणाऱ्या पिशव्या बांधण्याआधी तिला एकदा पाहू द्यायच्या. त्यातून तिने दोन-चार गोष्टी परत काढल्या तरी बोलायचं नाही. परत काढता येतं हे कळलं की पुढच्या पिशवीत ती जास्त घालते. हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे.

'कचरा', 'भंगार', 'घाण' हे शब्द तोंडातून येता कामा नयेत, मदतनिसांच्याही नाही. ती जे नाव देते तेच वापरा. ती 'माझे कागद' म्हणत असेल तर ते कागदच.

कुठून सुरू करायचं? फोटो, पत्रं, बाबांच्या वस्तू यांच्यापासून मुळीच नाही. फाटलेली वेष्टनं, ओले झालेले खोके, एकसारख्या रिकाम्या बाटल्या अशा ज्यांच्याशी नातं कमी आहे त्यापासून. आणि एक सांगते, या घरांमध्ये महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं एकात एक मिसळलेलं असतं. मागे एका आजींकडे गाठ मारलेली एक लहान पिशवी उघडली. त्यात जुन्या पावत्या, शर्टाची दोन बटणं, रबरबँड, एक सुकलेलं पेन, आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचं मूळ पत्र. बाहेरून ती पिशवी अशी होती की कोणीही न उघडता फेकली असती. म्हणून मागच्या मागे ट्रक भरणं व्यवहाराच्या दृष्टीनेही नुकसानीचं आहे. पैसे, दागिने, दस्तऐवज पुस्तकांच्या पानांत आणि खिशांत निघतात. प्रत्येक खिसा, प्रत्येक पाकीट बघावं लागतं.

बैठक छोटी ठेवा. निर्णय मंदावले, तीच वस्तू तिसऱ्यांदा हातात आली, की त्या दिवसाचं काम संपलं.

आतून

मी मुलाच्या बाजूने लिहीत नाहीये. मी त्या घरात राहणारा माणूस आहे. माझं घर तुमच्या आईच्या घरासारखं होतं आणि काही भाग अजूनही आहे.

दार वीतभर का उघडतं ते सांगतो. आत काय आहे हे मला दिसत नाही असं लोकांना वाटतं. दिसतं. कोणी आत आलं की त्याच्या चेहऱ्यावर ते मला दुसऱ्यांदा बघावं लागतं, आणि ते सहन होत नाही. माझी बहीण आत आली तेव्हा तिने नाकाला पदर लावला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहून बोलली. तेवढ्यावर मी तिला दुसऱ्यांदा येऊ दिलं.

'हे का ठेवलंस?' हा प्रश्न विचारू नका. माझ्याकडे प्रत्येक वस्तूचं उत्तर आहे, आणि उत्तर दिलं की ती वस्तू आणखी पक्की होते. मला मदत करायला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, 'यातलं तुम्हाला आधी काय सापडायला हवंय?' माझा चष्मा आणि घराचे कागद हरवले होते. आम्ही ते शोधायला लागलो. शोधता शोधता कितीतरी गोष्टी मी आपणहून सोडल्या. तुमच्या आईलाही काहीतरी सापडत नसणार. विचारून बघा.

आणि वस्तू बाहेर जाताना लोकांनी बघणं, हे मला वस्तू जाण्यापेक्षाही जड गेलं असतं. त्यामुळे तुम्ही गुप्ततेचा विचार करताय याबद्दल तुमच्या आईच्या वतीने मीच आभार मानतो.

पाऊलवाट

आतून, तुमचा प्रतिसाद मी पुन्हा पुन्हा वाचला. आईचा कानाच्या यंत्राचा दुसरा नग बरेच महिने सापडत नाहीये, ती ते सारखं म्हणते. तिथून सुरुवात करता येईल.

रफूगार, गुप्ततेबद्दल नेमकं सांगाल का? मदतनीस ठरवताना काय काय विचारायचं?

रफूगार

फोनवर पहिल्यांदा बोलताना फोटो पाठवू नका, मागितले तरी. फोटो एकदा गेला की कुठे फिरेल सांगता येत नाही. पसारा किती आहे हे सांगायला २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली 'क्लटर इमेज रेटिंग' ही चित्रमालिका वापरतात: बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि झोपायची खोली, प्रत्येकीची नऊ चित्रं, १ म्हणजे मोकळी खोली आणि ९ म्हणजे पूर्ण भरलेली. ४ किंवा त्याच्या पुढे गेलं की मदतीची गरज आहे असं साधारण धरतात. 'बैठकीची खोली ६, झोपायची ८' एवढं सांगितलं तरी जाणकाराला अंदाज येतो. ही चित्रं ज्याला ठाऊकच नाहीत त्याने अशी घरं फारशी हाताळलेली नाहीत, असं मी समजते.

मग विचारा: दर वेळी तीच माणसं येणार की बदलती? तीच हवीत, आणि कमी. तुमच्या घरात पहिल्या दिवशी एक बाई पुरे. गाडीवर आणि कपड्यांवर कंपनीचं नाव असतं का? नसावं. पिशव्या आरपार दिसणाऱ्या नकोत, जाड आणि एका रंगाच्या हव्यात. सामान एकदम खाली आणून रस्त्यावर ढीग करायचा नाही, थोडंथोडं आणि येजा कमी असेल त्या वेळी न्यायचं. नाव-पत्ता, खातेक्रमांक, औषधांच्या चिठ्ठ्या असलेले कागद बारीक फाडून किंवा यंत्रातून काढूनच बाहेर जातील.

'आधी आणि नंतर' असे फोटो त्यांच्या जाहिरातीत दिसले तर दुसरीकडे बघा. ज्यांचं घर आहे त्यांनी संमती दिली असं ते म्हणतील. पण अर्धं घर उपसलेलं असताना, मदत बंद पडेल या धाकात दिलेली संमती मला संमती वाटत नाही. हे सगळं लेखी घ्या: फोटो नाहीत, कोणाशी चर्चा नाही, सापडलेल्या पैशा-दागिन्यांची नोंद तिथल्या तिथे तिच्या सहीने. किल्ली आईकडेच राहील, मदतनिसाकडे नाही आणि नातेवाइकांकडेही नाही.

शेजाऱ्यांना काय सांगायचं? 'न्हाणीघराच्या दुरुस्तीचं काम आहे.' ते खरंच आहे, आणि तेवढं पुरतं.

मध्यमा

गुप्ततेवरून एक जुनी घटना आठवली. न्यूयॉर्कमधले कॉलियर बंधू, होमर आणि लँगली. थोरल्याची दृष्टी गेलेली, धाकटा त्याची देखभाल करायचा. दोघांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं होतं, चोरांच्या भीतीने सामानातच सापळे रचले होते. मार्च १९४७ मध्ये होमर मृतावस्थेत सापडला. लँगली बेपत्ता आहे म्हणून शोधाशोध झाली, आणि दोनेक आठवड्यांनी तो त्याच घरात, भावापासून काही फुटांवर, स्वतःच्याच सापळ्याखाली चिरडलेला मिळाला. घरातून शंभर टनांहून जास्त सामान निघालं आणि ते बघायला बाहेर गर्दी लोटली होती.

मला यात दोन्ही टोकं दिसतात. जिवंतपणी कोणीच आत जाऊ शकलं नाही, आणि नंतर अख्खं शहर बघत होतं. आज दूरचित्रवाणीवर अशी घरं उघडून दाखवतात तेव्हा मला ती गर्दीच आठवते. पाऊलवाट शोधत आहेत ते या दोन्हींच्या मधलं, एक-दोन विश्वासाच्या माणसांना दार उघडणं.

सडेतोड

मला तरी आगीची भीती वाटते. गुप्तता ठीक, पण किती दिवस?

रफूगार

भीती रास्त आहे. मेलबर्नच्या अग्निशमन दलाने दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. घरगुती आगींमध्ये अशा घरांचं प्रमाण जेमतेम पाव टक्का होतं, पण टाळता येण्यासारख्या आगीतल्या मृत्यूंमध्ये २४ टक्के. आग तिथे जास्त वेळा लागते असं नाही, लागली की माणूस बाहेर पडू शकत नाही आणि बाहेरचा आत येऊ शकत नाही.

म्हणून सुंदर घराच्या आधी सुरक्षित घर. शेगडी आणि हीटरभोवती मीटरभर काही नको. दार पूर्ण उघडायला हवं. झोपायच्या जागेपासून दारापर्यंत साधारण तीन फुटांची सलग वाट, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ढीग खांद्याच्या खाली. धूर ओळखणारा गजर लावा, बहुतेक जण त्याला विरोध करत नाहीत. एवढं झालं तर बाकी घर भरलेलं असलं तरी तुम्हाला आणि तिला वेळ मिळतो.

तिसरी_खोली

सडेतोड यांच्या 'किती दिवस' या प्रश्नाला जोडून: घरात लहान मूल असेल, अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल, उपाशी किंवा आजारी प्राणी असतील, छताला किंवा जमिनीला भार पेलत नसेल, तर गुप्तता मागे ठेवून संबंधित यंत्रणेला सांगावंच लागतं. मात्र तेही त्या व्यक्तीला आधी सांगून, पाठीमागून नाही.

औषधाबद्दल व्यक्तिगत संदेशात कोणी विचारलं होतं. या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं औषध नाही. सोबतच्या नैराश्यावर औषधं असतात. मुख्य आधार बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटीचा. त्यात निर्णय घेण्याचा सराव आणि नवीन वस्तू घरात न आणण्याचा सराव असतो, आणि तो जमल्यास घरीच केलेला बरा. आणणं थांबलं नाही तर आवरलेलं टिकत नाही. या विकारात दहापैकी आठ-नऊ जण गरजेपेक्षा जास्त वस्तू सतत मिळवत असतात, विकत किंवा फुकट.

अबोली_२

उंदरांच्या लेंड्या असतील तर? आमच्याकडे होत्या.

रफूगार

कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका, धूळ हवेत उडते आणि श्वासातून आत जाते. आधी खिडक्या उघडून जरा वेळ बाहेर थांबा. मग हातमोजे, एन९५ मास्क, आणि एक भाग ब्लीच दहा भाग पाणी असं ताजं द्रावण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, कागदाने टिपून बंद पिशवीत. प्राण्यांच्या मूत्राच्या डागांवर किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही द्रवासोबत ब्लीच वापरायचं नाही, विषारी वायू तयार होतो. मदतीला जाणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे ना ते बघा, खिळे आणि पत्रे लागतातच.

मास्क घालण्याआधी आईला सांगा की धुळीसाठी आहे. न सांगता घातलेला मास्क तिला नाक मुरडल्यासारखा वाटेल.

पाऊलवाट

आईशी बोलले, जिन्यातच. कानाच्या यंत्राचा विषय काढला, मग गळतीचा. बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, 'न्हाणीघरापर्यंतची वाट. बाकी कशाला हात लावायचा नाही. आणि तुझा मामा येणार नाही.' मी तिन्ही मान्य केलं. मदतीला एकच बाई येतील, आईने त्यांच्याशी आधी फोनवर बोलायचं ठरलं आहे. नातेवाइकांना मी स्पष्ट सांगितलं की घराबद्दलचे निर्णय आई घेईल. मामा रागावले आहेत, पण ते मी बघून घेईन.

अडचण एकच. वाटेतलं सामान टाकायचं नाही असं ती म्हणते, नुसतं बाजूला करायचं. हलवायचं कुठे? हे असं करून काही उपयोग आहे का?

आतून

आहे. खूप आहे. हलवून परत जागच्या जागी सापडलं, तर पुढच्या वेळी ती तुमच्यावर विश्वास ठेवेल. मामांना आवरल्याबद्दल अभिनंदन.

रफूगार

नुसतं हलवणंही कामच आहे. एकाच मापाचे, झाकणाचे, एका माणसाला उचलता येतील एवढेच खोके न्या. कागद फार जड होतात, मोठा खोका तळातून फाटतो. ज्या क्रमाने वाटेत होतं त्याच क्रमाने भरा, वर्गवारी करू नका. खोक्यावर काय लिहायचं ते आई सांगेल किंवा स्वतः लिहील, आणि एका वहीत खोक्याचा क्रमांक आणि जागा. खिडकी, विजेचा मुख्य स्विच आणि दार यांच्यापुढे काही रचू नका. सगळं तिच्या नजरेच्या टप्प्यात राहू दे.

आणि पाण्याचा मुख्य कॉक आधी शोधा. तो बहुधा सर्वात आत गाडला गेलेला असतो. नळदुरुस्तीवाला आल्यावर शोधायला लागलात तर घाईघाईत हात नको तिथे जातील. तो सापडेपर्यंत वापर झाल्यावर पाणी बाहेरूनच बंद करता येतं का तेवढं आजच विचारून घ्या, म्हणजे खालच्या मजल्यावरची तक्रार थांबेल आणि आईला तिच्या गतीने करता येईल.